वेदनाशामक गोळी आणि उपवासाचे दिवस



धार्मिक न्यासाच्या व्यासपीठावर औषधाच्या गोळीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भाद्रपद महिन्यात सापडते. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत कोणी एकाशन करतो, कोणी एकाआड एक उपवास करतो, तर कोणी दहाही दिवस निराहार राहतो. व्रत करणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांची, त्यातही माताभगिनींची संख्या मोठी असते. गुडघे दुखण्याचे, कंबर धरण्याचे वय हेच आणि रक्तदाबाची वा साखरेची गोळी सुरू होण्याचेही वय हेच. उपवासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागते, सांधे आखडतात आणि घरातील कोणीतरी मायेने म्हणते, "एक गोळी घ्या, बरे वाटेल." रिकामे जठर, शरीरातील पाण्याची तूट, आधीपासून चालू असलेली औषधे आणि त्यावर ही नवी गोळी, अशा चार गोष्टी त्या क्षणी एकत्र येतात. एकेकटी घेतली तर यांतील कोणतीही गोष्ट फारशी भयंकर नाही. एकत्र आल्या की त्या जठराला आणि मूत्रपिंडाला पेलत नाहीत. गोळी कोणती, याइतकेच महत्त्व ती कोण आणि शरीराच्या कोणत्या अवस्थेत घेतो याला आहे, हेच आजच्या विवेचनाचे सूत्र होय.

गडमुडशिंगीच्या शेजारी गांधीनगरची कापडपेठ आहे. तेथे येणारे जाणते गिऱ्हाईक ताग्यावरील गिरणीच्या नावावर समाधान मानत नाही. ते कापड दोन बोटांत चोळून पाहते, सूत किती आणि पॉलिस्टर किती हे विचारते, धुतल्यावर आटेल का याची खात्री करून घेते. तेच गिऱ्हाईक मेडिकलच्या दुकानात गेले की "अंगदुखीची द्या, मागच्या वेळची ती लाल पाकिटातली" एवढेच म्हणते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, याची बारकाईने चौकशी करणारे श्रावक समाजात आहेत आणि ती चौकशी योग्यच आहे. मात्र त्या आवरणाच्या आत काय भरले आहे, ही चौकशी बहुधा राहून जाते.

आत जे असते त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एक पॅरासिटामॉल. दुसरा वर्ग मोठा. त्यात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, मासिक पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड आणि दंतवैद्याकडे हमखास भेटणारे केटोरोलॅक ही सारी मंडळी येतात. पॅरासिटामॉल ताप उतरवते आणि दुखणे कमी करते, परंतु सूज फारशी कमी करत नाही. दुसरा वर्ग तिन्ही कामे करतो, म्हणूनच तो अधिक गुणकारी वाटतो आणि अधिक उपद्रवीही ठरतो. बाजारातील अनेक गोळ्यांत दोन्ही वर्ग एकत्र केलेले असतात. एका नावाची गोळी सकाळी, दुसऱ्या नावाची दुपारी आणि सर्दीची तिसरी रात्री घेणारा मनुष्य आपण तीन निरनिराळी औषधे घेतली असे समजतो. पाकिटामागील बारीक अक्षरे वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल असल्याचे आढळते. चष्मा लावून ती अक्षरे वाचणे, हा सुरक्षित वापराचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

कायद्याबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. दुकानात चिठ्ठीवाचून मिळते, अर्थी ते निर्धोक असणार, असे लोक गृहीत धरतात. भारतात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे या नियमांच्या 'एच' परिशिष्टात आहेत, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. याच नियमांच्या 'के' परिशिष्टात घरगुती उपचाराच्या काही वस्तूंना विक्रीपरवान्यातून सूट दिलेली आहे. त्यांत ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या, दुखण्यावरचे बाम, ग्राइप वॉटर अशा गोष्टी आहेत. मात्र ती सूट एक हजारापेक्षा अधिक लोकवस्ती नसलेल्या खेड्यापुरती आहे आणि माल उत्पादकाच्या मूळ वेष्टनातच विकण्याची अट आहे. गडमुडशिंगीने ती लोकसंख्या केव्हाच ओलांडली. तेव्हा किराणा दुकानाच्या बरणीतून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांना येथे कायद्याचा आधार नाही. सुट्या गोळीवर ना औषधाचे नाव, ना मुदतीची तारीख. चिठ्ठी न मागता औषध देणारा दुकानदार ग्राहकाची सोय पाहतो, हे खरे. परंतु कायदा ज्याला धोक्याचे म्हणतो ते त्या सोयीमुळे निर्धोक होत नाही.

ही औषधे शरीरात नेमके काय करतात, हे कळले की पुढचे सारे आपोआप उलगडते. ॲस्पिरिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९९ साली बाजारात आले; पण ते कसे कार्य करते हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. या कार्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. इजा झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करते. त्यांच्यामुळे ठणका जाणवतो, सूज येते, ताप चढतो. वेदनाशामक औषध या द्रव्यांची निर्मिती रोखते. अडचण अशी की हीच द्रव्ये इतरत्र पहारेकऱ्याचे कामही करीत असतात. जठरात ती आतील अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात. मूत्रपिंडात ती रक्ताचा प्रवाह टिकवून धरतात. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे समजत नाही. ती सगळीकडचे पहारेकरी एकदमच रजेवर पाठवते.

जठराची कथा बहुतेकांच्या परिचयाची आहे. जळजळ, आंबट ढेकरा, कळ. धोक्याचा प्रकार मात्र यापेक्षा वेगळा असतो. वेदनाशामकाने झालेला जठराचा व्रण पुष्कळदा दुखतच नाही, कारण दुखणे जाणवू न देणे हेच त्या औषधाचे काम. विशेषतः वृद्धांमध्ये पहिली खूण म्हणजे थकवा, चक्कर आणि डांबरासारखी काळी, चिकट शी. ती दिसली तर आतल्या आत रक्तस्राव होत असल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गोळीऐवजी इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचते, ही समजूत चुकीची आहे. औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच. सोबत दिलेली पित्ताची गोळी जठराला बऱ्यापैकी संरक्षण देते, मूत्रपिंडाला मुळीच देत नाही. हृदयविकार टाळण्यासाठी ज्यांना रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध दिलेले आहे, त्यांनी त्यावर आणखी डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन घेणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण देणे होय. अर्थात, हे ऐकून कोणी हृदयाची ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. ती बंद करण्याचा धोका निराळा आणि मोठा आहे.

हृदयाविषयीही थोडे सांगणे भाग आहे. पोटाला सौम्य म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक सप्टेंबर २००४ मध्ये त्याच्या अमेरिकी उत्पादकाने जगभरातून मागे घेतले, कारण दीर्घ वापराने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढतो असे अभ्यासात दिसून आले. भारतातही त्याच वर्षअखेर त्यावर बंदी आली. कमीअधिक प्रमाणात हा दोष या वर्गातील इतर औषधांतही आहे आणि डायक्लोफेनॅकचा क्रम त्यात वरचा लागतो. शिवाय ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात. रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवत जातात आणि घरी रुग्ण गुडघ्यासाठी दुसरीच गोळी घेत असतो, हे चित्र दुर्मिळ नाही.

आता मूत्रपिंडाकडे वळू या. वेदनाशामक औषध मूत्रपिंडाचे काय करू शकते, याचा सर्वांत भयानक पुरावा माणसांत नव्हे, पक्ष्यांत मिळाला; आणि जीवदयेचे व्रत घेतलेल्या समाजाने तो इतिहास अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

१९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागी शेकड्यांनी उतरणारा पक्षी दिसेनासा झाला. आधी एखाद्या साथीचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी कारण शोधून काढले. आजारी गाईबैलांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचले जात होते. जनावर दगावले की ते औषध त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि काही दिवसांत त्याची मूत्रपिंडे निकामी होत. मेलेल्या गिधाडांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचलेला आढळे. शंभरांत एखाद्यापेक्षाही कमी कलेवरांत हे औषध असले तरी अख्खी प्रजाती ओसरण्यास ते पुरेसे ठरते, असा हिशेब पुढे मांडला गेला. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यात अंत्यविधीची शतकांची परंपरा गिधाडांवर अवलंबून होती. तेथे सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले. गिधाडे गेल्याने कुजणारी कलेवरे आणि भटकी कुत्री वाढली. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २००५ या काळात त्यापायी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली असा अंदाज दिला आहे. एका वेदनाशामकाने इतका अनर्थ केला, आणि तोही कोणाच्या मनात हिंसा नसताना, उलट मुक्या जनावराचे दुखणे कमी व्हावे याच हेतूने.

गडमुडशिंगीत 'गोकुळ'चा पशुखाद्य कारखाना आहे आणि पंचक्रोशीत दारापुढे दुभते जनावर असलेली घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे अधिक विस्ताराने सांगितले. पशूंसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ सालापासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जातात हे ध्यानात आल्यावर २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकण्याचे बंधन घातले गेले. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर पशुवापरासाठी २०२३ मध्ये बंदी आली, निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. म्हैस लंगडू लागली तर मेडिकलमधून माणसाचे इंजेक्शन आणून टोचू नये, पशुवैद्यकांकडून मेलॉक्सिकॅम मागून घ्यावे.

माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या तरुणाने दोन-चार दिवस आयबुप्रोफेन घेतले तर बहुधा काही बिघडत नाही. शरीरातील पाणी कमी झाले म्हणजे मात्र परिस्थिती पालटते. रक्ताचे आकारमान घटते आणि मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनी उघडी ठेवण्याची सारी जबाबदारी त्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांवर येऊन पडते. नेमक्या त्याच वेळी गोळीने ती द्रव्ये थांबवली तर वाहिनी आकसते आणि मूत्रपिंडाला रक्तच मिळेनासे होते. रक्तदाबासाठी ज्यांना रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन अशा नावांची गोळी चालू आहे आणि सोबत लघवी वाढवणारे औषधही आहे, त्यांच्या बाबतीत तिसरे वेदनाशामक मिळाले की धोका कितीतरी पटीने वाढतो. वैद्यकशास्त्र या त्रिकुटाला विशेष भिऊन असते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत पहिली दोन औषधे एकत्रच असतात, त्यामुळे रुग्णाला आपण त्रिकुटापैकी दोन आधीच घेत आहोत याची कल्पनाही नसते.

तहान आणि गोळी यांची ही गाठ उसाच्या फडातही पडते. दरवर्षी गळीत हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगार कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात. पहाटेपासून कोयता चालतो, मोळ्या डोक्यावरून वाहिल्या जातात, खाडा झाला तर मजुरी कापली जाते. अंगदुखीची गोळी खाऊन कामावर उभे राहणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे आणि फडात पाणी जवळ असतेच असे नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत उसाच्या मळ्यांत राबणारे तरुण मूत्रपिंड निकामी होऊन मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. त्यामागची कारणे अद्याप पूर्णपणे निश्चित झालेली नाहीत. कडक उन्हातील कष्ट आणि शरीरातील पाण्याची तूट यांना प्रमुख मानले जाते आणि वेदनाशामकांचा त्यात हातभार असावा असा संशय आहे. ज्यांच्या शेतात टोळी ऊस तोडते, त्या बागायतदाराने फडात पिण्याच्या पाण्याची घागर पोहोचवणे, हा जीवदयेचाच एक प्रकार मानला पाहिजे.

उन्हात राबणाऱ्याला पाणी मिळत नाही, व्रतस्थ मनुष्य ते स्वेच्छेने सोडतो. मूत्रपिंडाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. सूर्यास्तानंतर चारही प्रकारच्या आहाराचा त्याग करणारा मनुष्य सकाळपर्यंत बारा तास पाण्याविना असतो. एकाशनात दिवसातून एकदाच अन्नपाणी. कडक उपवासात तेही नाही. व्रत कोणते आणि किती करावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि गुरूंच्या मार्गदर्शनाचा विषय आहे. औषधशास्त्राने त्यात बोलण्याचे कारण नाही. इतके मात्र स्मरणात ठेवावे की सोळाकारण भावनांत त्याग आणि तप शक्तीनुसार करण्यास सांगितले आहे. शक्ती किती उरली आहे हे वेदनाशामकाने झाकून जाते. गोळी घेऊन उपवास पुढे रेटणारा मनुष्य आपल्या शक्तीचे माप चुकीच्या काट्यावर घेत असतो.

उपवासातील डोकेदुखीचे कारण अनेकदा अगदी साधे असते. दिवसातून पाच-सहा कप चहा पिणाऱ्याने तो एकाएकी सोडला की दुसऱ्या दिवशी डोके दुखणारच. ती शरीराला लागलेली कॅफिनची सवय बोलत असते. पर्व सुरू होण्याआधी आठवडाभर चहा एकेका कपाने कमी करत आणला तर ही डोकेदुखी बहुतांशी टळते. डोकेदुखीच्या काही प्रसिद्ध गोळ्यांत कॅफिनच घातलेले असते, त्यामुळे त्या घेतल्यावर तात्काळ बरे वाटते आणि गोळीचे गुण गायले जातात. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे सलग तीन महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. गोळी घेतली की थांबते, उतरली की पुन्हा सुरू होते. यातून सुटण्याचा मार्ग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बंद करणे हाच आहे.

ज्यांना व्रत करायचे आहे आणि ज्यांची काही औषधे नियमित चालू आहेत, त्यांनी पर्वाच्या आठ-दहा दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. कोणती गोळी कोणत्या वेळी हलवता येईल, कोणती तात्पुरती कमी करता येईल आणि कोणती मुळीच सोडता येणार नाही हे विचारून घ्यावे. साखरेच्या गोळ्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. एकाशनाच्या दिवशी सांधेदुखीचे औषध घेणे भागच असेल तर ते त्या एका जेवणानंतर, पुरेशा पाण्यासोबत घ्यावे. संपूर्ण उपवासाच्या दिवशी डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या वर्गातील औषध कोणीच घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी झालेला जठराचा व्रण किंवा हृदयाची दुर्बलता असलेल्यांनी तर ते एरवीही टाळावे. एकाच गुडघ्याचे दुखणे असेल तर त्यावर मलम चोळल्याने औषध रक्तात फारच थोडे जाते. गरम पाण्याची पिशवी, विश्रांती आणि पूजेच्या वेळी खुर्चीचा वापर यांत व्रतभंग नाही. मांडी घालून बसण्याचा हट्ट गुडघ्याने कितीही नम्रपणे नाकारला तरी काही ज्येष्ठ मंडळी ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

भाद्रपदाची आणखी एक अडचण अशी की तो डेंग्यूचा हंगाम. पाऊस ओसरत असतो, डबकी आणि उघडी पिंपे भरलेली असतात. पर्वकाळात अंग मोडून ताप आला तर तो उपवासाचा थकवा समजून गोळी घेतली जाते. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट घटतात आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाचे निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरे काही घेऊ नये आणि तापात पाणी सोडू नये. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. ताप गेला तरी सांधे महिनोन्महिने दुखत राहिले आणि ती गोळ्यांची सवय कित्येकांना पुढेही जडली. सांधेदुखीवर हमखास गुण म्हणून बिननावाच्या पुड्या विकणारेही अशाच वेळी फावतात. आयुर्वेदिक म्हणून खपणाऱ्या अशा काही चूर्णांत स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेले तपासणीत आढळलेले आहे. दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या पुडीचा संशयच घ्यावा.

मग पॅरासिटामॉल तरी निर्धास्तपणे घ्यावे काय? करोनाच्या काळात ६५० मिलिग्रॅमची गोळी घराघरांत शिरली आणि तेव्हापासून ती जणू मिठाच्या बरणीशेजारीच राहते. योग्य मात्रेत ती खरोखरच सर्वांत सुरक्षित आहे. जठराला तिचा त्रास नगण्य, मूत्रपिंडालाही सहसा नाही. मर्यादा ओलांडली की ती यकृत जाळते. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या किंवा ६५० च्या सहा, आणि दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर. वृद्ध, कृश, यकृताचा विकार असलेले, मद्यपान करणारे यांची मर्यादा याहून कमी, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. बरेच दिवस अन्न न घेतलेला मनुष्यही याच यादीत येतो. या औषधाचा विषारी अंश निष्प्रभ करणारा यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा उपवासाने घटतो. ब्रिटनमध्ये १९९८ पासून साध्या दुकानात सोळापेक्षा अधिक गोळ्यांचे पाकीट विकता येत नाही, ते याच भयाने.

लहान मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तान्ह्या बाळाचे पॅरासिटामॉलचे थेंब आणि मोठ्या मुलाचे सिरप यांची तीव्रता सारखी नसते. थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपात ५ मिलिलिटरमध्ये मिळून साधारण १२५. थेंबांची बाटली सिरपच्या मापाने पाजली तर चौपट मात्रा जाते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, वयाच्या अंदाजावर नव्हे. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे आणि तापात मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नये. गर्भवती स्त्रीने, विशेषतः पाच महिने झाल्यानंतर, पॅरासिटामॉलखेरीज कोणतेही वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चुकून अधिक मात्रा गेली, मग ती मुलाने डबी उघडून खाल्ली असो वा वृद्धाने विसरून दुबार-तिबार घेतलेली असो, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. पॅरासिटामॉलची अधिक मात्रा पोटात गेल्यावर पहिला दिवस रुग्ण बरा वाटतो. यकृताचा बिघाड दिसू लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यावर ॲसिटिलसिस्टिन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर जवळजवळ हमखास उपयोगी पडतो. गडमुडशिंगीहून कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय लांब नाही आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. जाताना घरातील सारी रिकामी आणि अर्धवट पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. किती गोळ्या गेल्या आणि केव्हा गेल्या, हेच डॉक्टर तेथे सर्वप्रथम विचारतात.